उलट्या टांगलेल्या दोऱ्या: गौदी निसर्गाकडून नेमकं काय शिकला

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा राहायला आला होता. सातवीतला आहे. बार्सेलोनातल्या साग्रादा फामिलिया या चर्चचा फोटो बघून म्हणाला, "मामा, हे मेण वितळल्यासारखं का दिसतंय? सरळ का नाही बांधलं?" मी म्हणणार होतो, "अरे, त्या आर्किटेक्टला निसर्गाची आवड होती." पण ते उत्तर मी गिळलं. ते सगळीकडे वाचायला मिळतं आणि त्यातून कळत काहीच नाही. निसर्गाची आवड कुणाला नसते?

म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून प्लास्टरची पट्टी आणली, हाड मोडल्यावर बांधतात ती. चार-पाच पदर करून पाण्यात बुडवली आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये, कपडे वाळत घालायची दोरी सैल पडते तशी, झोळ देऊन टांगली. रात्रभर वाळू दिली. सकाळी उतरवली आणि उलटी करून फरशीवर ठेवली. झोळ होता तिथे कमान झाली. भाच्याने तिच्यावर स्टीलचं फुलपात्र ठेवलं, तर कमानीचे दोन्ही पाय गुळगुळीत फरशीवरून बाहेर सरकले आणि फुलपात्र आडवं झालं. मग दोन्ही पायांशी एकेक जाडजूड शब्दकोश टेकवला. आता फुलपात्र राहिलं. त्यात पाणी ओतलं, तरी राहिलं.

अंतोनी गौदी म्हणजे त्या चर्चचा आर्किटेक्ट. त्याची निम्मी वास्तुकला त्या फरशीवर मांडलेली होती. उरलेली निम्मी समजायला खराट्याचे हीर लागतात, त्याकडे नंतर येऊ.

आधी दोरीचं बघू. दोरीला एकच गोष्ट जमते, ताण सोसणं. तिला ढकलता येत नाही, ढकलली की ती गोळा होते. तिला वाकण्याचीही हरकत नसते. त्यामुळे दोन टोकांना धरून सोडली की ती आपलं वजन पेलायला असा आकार घेते, की तिच्या प्रत्येक बिंदूवर फक्त ताण असतो, दुसरं काहीही नाही. हा आकार कुणी काढत नाही. वजन तो काढतं.

दगड, वीट आणि चुना यांचा स्वभाव याच्या नेमका उलटा. खडू घ्या. दोन्ही टोकांकडून सरळ दाबला तर बोटं दुखतील, खडू तुटणार नाही. तोच जरा वाकवा, कटकन मोडतो. वाकवताना त्याची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते, आणि ताण त्याला मुळीच सोसत नाही. दगडाचंही तेच. म्हणून दगडी इमारतीचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी असतो: दगडावर दाब येऊ दे, ताण येऊ देऊ नको.

आता लोंबणारी दोरी आहे तशी गोठवून उलटी केली, की जिथे जेवढा ताण होता तिथे तेवढाच दाब येतो. आकार तोच, फक्त दिशा फिरली. म्हणजे दोरीने आपल्या सोयीचा जो आकार शोधला, तो उलटा केल्यावर दगडाच्या सोयीचा होतो. ही गोष्ट इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७५ साली छापली, तीही अक्षरं उलटीपालटी करून, कुणाला सहज वाचता येऊ नये अशी. १७४८ साली रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाला तडे गेले होते, तेव्हा इटलीच्या जोव्हान्नी पोलेनीने वजनं लावलेली साखळी टांगून घुमटाचा आकार सुरक्षित आहे की नाही ते ताडून पाहिलं. तेव्हा शोध गौदीचा नव्हे. पण हूकने सांगितलं, पोलेनीने असलेली इमारत तपासली, आणि गौदीने अजून नसलेली अख्खी इमारत दोऱ्यांनाच विचारून ठरवली.

आणि ते सरकलेले पाय? दोरी धरताना ती आपल्या हातांना आतल्या बाजूला ओढते. उलटी झाल्यावर तोच जोर पायांना बाहेर ढकलतो. याला रेटा म्हणू. कमान आली की रेटा आला, आणि रेटा आला की शब्दकोश लागणारच. युरोपातल्या जुन्या गोथिक चर्चना बाहेरून जे मोठमोठे दगडी टेकू दिलेले दिसतात, ते त्यांचे शब्दकोश. गौदीला गोथिक वास्तुकलेबद्दल आदर होता, पण त्या टेकूंना तो कुबड्या म्हणत असे. इमारत स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. झाड राहतंच की.

गौदीचा जन्म १८५२चा, स्पेनच्या कातालोनिया प्रांतातल्या रेऊस भागातला. वडील तांबट. आजोबाही तांबट. पुण्याच्या तांबट आळीतून ज्यांनी कधी चक्कर मारली असेल त्यांना याचा अर्थ पटकन लागेल. सपाट पत्रा, त्यावर हातोडीचे ठोके, मठारकाम चालू, आणि बघता बघता त्याचं घागरीसारखं पोट बाहेर येतं. कागदावर रेघ मारण्याच्या आधी या मुलाने पत्र्याला गोलाई घेताना पाहिलं होतं. पुढे तो स्वतःच सांगायचा की जागेची, आकारमानाची समज आपल्याला तांबटांच्या घरात जन्मल्यामुळे आली. लहानपणापासून त्याला सांधेदुखीचा त्रास होता. बरोबरीची मुलं हुंदडायची तेव्हा हा बराच वेळ गावाकडच्या घरी, झाडाझुडपांत बसून असायचा. त्याच्या निरीक्षणाची मुळं चरित्रकार तिथे शोधतात आणि मला ते पटतं. ज्याला पळता येत नाही तो जास्त वेळ बघतो.

१८७८ साली तो बार्सेलोनात आर्किटेक्ट झाला. त्याच वर्षी इकडे मुंबईत बोरीबंदरच्या स्टेशनाचं, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं, बांधकाम सुरू झालं. ती इमारत माझी लाडकी आहे. तिच्या भिंतींवर पानं, वेली, मोर, माकडं कोरलेली आहेत, आणि ते काम मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. गाडी पकडायच्या घाईत आपण वर बघत नाही, हे वाईट. पण तिथे निसर्ग दगडावर आहे. तो कोरून काढला तरी इमारत उभी राहील. गौदीच्या उत्तरायुष्यातल्या कामात निसर्ग काढून घेतला तर छत खाली येईल. या दोन तऱ्हांतला एवढा फरक लक्षात आला, की पुढचं सगळं सोपं आहे.

बार्सेलोनाजवळ सांता कोलोमा दे सेर्वेयो नावाचं गाव आहे. तिथे एउसेबी ग्वेल या उद्योगपतीची कापडगिरणी होती आणि गिरणी कामगारांची वसाहत, कोलोनिया ग्वेल. या कामगारांसाठी एक चर्च बांधायचं काम १८९८ साली गौदीकडे आलं. त्याने जवळजवळ दहा वर्षं एक वीटही रचली नाही. तो दोऱ्या टांगत बसला.

बांधकामाच्या जागेशेजारी एक शेड घातली होती. तिच्या छताला चर्चचा तळनकाशा उलटा लावला आणि जिथे जिथे खांब येणार तिथून दोऱ्या सोडल्या. एका दोरीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, असं जाळं विणत खाली आणलं. खऱ्या चर्चच्या एक दशांश आकाराचं हे मॉडेल होतं, कित्येक मीटर लांबीरुंदीचं. जिथे छताचा, भिंतीचा भार येणार तिथे दोरीला शिशाच्या छऱ्यांची छोटी कापडी पिशवी बांधली. वजनाचं प्रमाण दहा हजारास एक. खऱ्या इमारतीत दहा टन भार असेल तिथे मॉडेलमध्ये एक किलोची पिशवी.

इथे एक शंका येते आणि ती भाच्यालाही आली. एवढ्याशा मॉडेलवरून एवढ्या मोठ्या इमारतीचं कसं कळणार? त्याचं उत्तर फार सुंदर आहे. दोरीला दोन पिशव्या लावल्या आणि तिने एक आकार घेतला. आता दोन्ही पिशव्यांचं वजन दुप्पट करा. आकार बदलत नाही. दहापट करा, तरी नाही. दोरी जास्त ताणली जाईल, पण तिचा झोळ तसाच राहील. झोळ ठरतो वजनांच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणावर. त्यामुळे प्रमाण बरोबर राखलं तर लहान मॉडेलही खोटं बोलत नाही. आणि दगडी इमारतीच्या बाबतीत आकार बरोबर असणं हीच मुख्य गोष्ट असते. अशा इमारतीत दगडाचा भुगा होण्याइतका दाब सहसा येत नाही. ती पडते ती भाराची वाट दगडाच्या बाहेर गेली म्हणून.

दहा वर्षं का लागली तेही यातच आहे. एका पिशवीत चार छर्रे वाढवले की ती दोरी खाली येते, तिच्याबरोबर शेजारची ओढली जाते, आणि हळूहळू सगळं जाळं हलतं. मग सगळी मापं पुन्हा घ्या. दोरीचा कोन बदलला म्हणजे खांबाचा कोन बदलला, म्हणजे छताचं क्षेत्रफळ बदललं, म्हणजे भार बदलला, म्हणजे पिशवी बदलली. पुन्हा पहिल्यापासून. घरातला गुंता सोडवताना आपण चिडतो. इथे तो माणूस आणि त्याचे सहकारी गुंत्यालाच विचारत होते, बाबा रे, तुला कसं राहायचंय?

शेवटी जाळं स्थिरावलं की त्याचा फोटो काढायचा आणि फोटो उलटा धरायचा. लोंबणाऱ्या दोऱ्यांचे मनोरे झालेले दिसत. त्या उलट्या फोटोवर गौदी रंगाने भिंती, खिडक्या, दगडाचा पोत भरत असे. बाकीचे आर्किटेक्ट आधी चित्र काढायचे आणि मग ते उभं राहील का ते तपासायचे. याने आधी उभं राहण्याचं ठरवलं आणि चित्र त्यावर चढवलं.

पूर्ण चर्च कधी झालंच नाही. १९०८ला बांधकाम सुरू झालं आणि १९१४च्या सुमारास पैसा थांबला. फक्त तळघर, ज्याला क्रिप्ट म्हणतात, तेवढं झालं. पण तिथले खांब बघण्यासारखे आहेत. मधले चार बसाल्टचे आहेत, आपल्या सह्याद्रीचा असतो त्या जातीचा काळा दगड, आणि ते सरळ नाहीत, कललेले आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं आता कोसळणार. वास्तविक ते दोरीच्या रेषेत उभे आहेत. चढ चढताना आपण काठी टेकतो ती सरळ उभी टेकत नाही, जिकडून भार येतोय तिकडे तिरकी टेकतो. तसंच. खांबच रेट्याच्या दिशेने कलवला तर बाहेरून टेकू द्यायची गरज काय? कुबडी गेली ती अशी. तिथल्या खिडक्यांच्या जाळ्याही मला फार आवडतात. त्या गिरणीतल्या मागांच्या टाकून दिलेल्या सुयांपासून केलेल्या आहेत.

आता भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे, वितळल्यासारखं का दिसतं. बार्सेलोनातच कासा मिला नावाची इमारत आहे, लोक तिला ला पेद्रेरा म्हणतात, म्हणजे दगडाची खाण. १९०६ ते १९१२ या काळातली. तिची गच्ची समुद्राच्या लाटेसारखी वरखाली जाते. लोक म्हणतात, काय कल्पनाशक्ती! पण गच्चीच्या खाली जाऊन बघा. तिथे पोटमाळा आहे आणि त्यात पातळ विटांच्या २७० कमानी ओळीने उभ्या आहेत, प्रत्येक कमान उलट्या लोंबत्या साखळीच्या जातीची. आत गेल्यावर एखाद्या प्रचंड प्राण्याच्या बरगड्यांमध्ये शिरल्यासारखं वाटतं. इमारतीची रुंदी सगळीकडे सारखी नाही. त्यामुळे कमानींचा फाक बदलतो आणि त्याबरोबर त्यांची उंचीही. कमानींची उंची बदलली म्हणून त्यांच्यावरची गच्ची वरखाली झाली. लाट आधी सुचलेली नाही, हिशोबातून आलेली आहे. त्या पोटमाळ्यात, बरं का, भाडेकरूंनी कपडे वाळत घालायचे अशी सोय होती.

दुसरा नमुना याहून साधा आहे, आणि मला विचाराल तर गौदीची सगळ्यात शहाणी इमारत तीच. साग्रादा फामिलियाच्या आवारात १९०९ साली त्याने कामगारांच्या आणि आसपासच्या मुलांसाठी छोटी शाळा बांधली. पैसे कमी, वापर तात्पुरता. भिंती पातळ विटांच्या आणि नागमोडी, छतही नागमोडी. कागद सरळ उभा करा, पडतो. त्याला दोन-चार घड्या घालून पंख्यासारखा केला की उभा राहतो. गोठ्यावर टाकायचा पत्रा पन्हळी असतो तो शोभेसाठी नव्हे. पन्हळीमुळे पातळ पत्रा वाकत नाही. गौदीने तीच युक्ती विटेला लावली. छताची लाट अशी की पन्हळीत पावसाचं पाणी आपोआप बाहेर वाहून जावं. १९२८ साली आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए बार्सेलोनाला आला तेव्हा त्याने या शाळेच्या छताचं रेखाटन करून घेतलं. चौकोनी, पांढऱ्या, सरळ रेषांच्या घरांसाठी प्रसिद्ध असलेला माणूस तो. त्यालाही या छताखाली थांबावंसं वाटलं.

त्या छताचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. ते वाकडं दिसतं, पण सरळ लाकडी पट्ट्यांवर बेतलेलं आहे. इथे खराट्याचे हीर लागतात. वीस-पंचवीस हीर सारख्या लांबीचे कापा, गोल उभे धरा, वर एक रबरबँड आणि खाली एक. आता वरचा हात एकीकडे आणि खालचा दुसरीकडे पिळा. मध्ये कंबर बारीक होते, डमरूसारखा आकार तयार होतो. आकार गोलाईदार, पण त्यातला प्रत्येक हीर अजून सरळच आहे. वेताचं बसायचं स्टूल असंच असतं. गणितात याला हायपरबोलॉइड म्हणतात. याच कुळातले आणखी दोन-तीन आकार गौदीने वापरले, सगळे सरळ रेषांनी विणता येणारे. हाडाच्या मध्यभागी, खोडाला फांदी फुटते त्या जागी, डोंगराच्या खिंडीत असे आकार त्याला दिसत होते.

यात गवंड्याची सोय आहे, आणि गौदीचं मोठेपण मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं. वाकडातिकडा आकार कागदावर काढणं सोपं असतं. तो बांधायला सांगितला की गवंडी विचारणार, साहेब, दोरी कुठून कुठे लावू? या आकारांत त्याचं उत्तर आहे. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत दोरी लाव, पुढची दोरी एवढी सरकवून लाव, आणि दोरीला धरून चाल. दोरी आणि ओळंबा हाताळता येणाऱ्या कुणालाही हा वक्र पृष्ठभाग बांधता येतो.

साग्रादा फामिलियामध्ये हे सगळं एकत्र आलं. काम १८८२ला दुसऱ्या आर्किटेक्टच्या हाताखाली सुरू झालं होतं. पुढच्या वर्षी ते एकतीस वर्षांच्या गौदीकडे आलं आणि मरेपर्यंत, ४३ वर्षं, त्याने ते केलं. आत उभं राहिलं की जंगलात आल्यासारखं वाटतं असं सगळे लिहितात. खांब जमिनीतून कललेले निघतात, उंचावर त्यांना फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या. झाड असं का करतं? पानांचा पसारा मोठा असतो आणि खोड एकच. प्रत्येक फांदी आपल्यापुरता थोडा भार उचलते आणि खाली आणून देते. छताचंही तसंच. एका मोठ्या कमानीने सगळं पेलायचं म्हटलं तर रेटा वाढतो. त्याऐवजी छताच्या प्रत्येक तुकड्याखाली एक फांदी गेली, की तुकडे लहान, रेटा लहान, आणि ४५ मीटर उंचीचं छत बाहेरच्या कुबड्यांशिवाय राहतं.

दगडही त्याने भारानुसार निवडला. हलक्या भाराच्या खांबांना तिथल्याच डोंगरातला वालुकाश्म, त्याहून जास्त असेल तिथे ग्रॅनाइट, मग बसाल्ट, आणि मधल्या मनोऱ्याचा भार घेणाऱ्या चार खांबांना पॉर्फिरी नावाचा तांबूस, अतिशय कठीण दगड.

७ जून १९२६ला संध्याकाळी रस्ता ओलांडताना गौदीला ट्रामची धडक बसली. कपडे इतके साधे, जुने होते की लोकांना तो भिकारी वाटला. त्याला गरिबांच्या इस्पितळात नेलं. तीन दिवसांनी तो गेला. तेव्हा चर्चचा एकच घंटामनोरा पूर्ण झालेला होता, आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात. पुढे १९३६ साली यादवी युद्धाच्या सुरुवातीला जमावाने त्याची कार्यशाळा जाळली. नकाशे, कागद जळाले. कोलोनिया ग्वेलचं दोऱ्यांचं मॉडेलही त्या काळातच गेलं, उरले फक्त फोटो. साग्रादा फामिलियाची प्लास्टरची मोठी मॉडेल्स फोडून टाकली होती. मागे राहिलेल्यांनी त्यांचे तुकडे वेचून ठेवले.

इथे ते खराट्याचे हीर पुन्हा कामाला आले. समजा एखाद्या शिल्पकाराने मनाने घडवलेला पुतळा फुटला आणि हाताशी चारच तुकडे लागले. बाकीचा कसा होता, कोण सांगणार? पण वर्तुळाचा एक तुकडा सापडला तर पूर्ण वर्तुळ काढता येतं, कारण वर्तुळाला नियम असतो. गौदीच्या आकारांना असा नियम होता. १९७९ साली न्यूझीलंडचा मार्क बरी नावाचा तरुण विद्यार्थी तिथे आला आणि पुढची कित्येक वर्षं त्याने हेच केलं: प्लास्टरच्या तुकड्यांची मापं घ्यायची आणि ते कोणत्या हायपरबोलॉइडचे भाग असू शकतात ते शोधायचं. आधी हाताने, मग विमानांच्या रचनेसाठी वापरायच्या सॉफ्टवेअरवर. आपण नसताना दुसऱ्यांना पुढे नेता यावं म्हणून गौदीने शेवटच्या वर्षांत मुद्दाम या नियमबद्ध भूमितीत सगळं बांधून ठेवलं होतं. वारसा मागे ठेवणं म्हणजे काय, याचं एवढं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

अर्थात सगळ्यांना हे पटलेलं नाही. १९६५ साली ल कॉर्ब्युझिएसह अनेक नामवंतांनी जाहीर पत्र लिहून काम थांबवा म्हटलं होतं. म्हणणं असं की गौदी नाही, नकाशे नाहीत, मग हे गौदीचं कसं? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आज तिथे सिमेंट काँक्रीट आहे, नव्या मनोऱ्यांत ताणलेल्या पोलादी सळ्यांनी आवळून जखडलेल्या दगडी फळ्या आहेत. पण लोंबत्या दोरीची एक मर्यादाही समजून घ्यायला हवी. दोरीला फक्त खाली ओढणारं वजन कळतं. वारा आडवा येतो, भूकंप तर जमीनच हलवतो, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नसतं. १७२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्याला नुसत्या दाबावर विसंबून चालत नाही. ३० ऑक्टोबर २०२५ला हा मधला मनोरा १६२.९१ मीटरवर पोचला आणि जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकून जगातलं सगळ्यात उंच चर्च झाला. त्याची पूर्ण उंची गौदीने शेजारच्या मोंज्युइक डोंगरापेक्षा जरा कमी ठेवली होती. माणसाचं काम देवाच्या कामाहून उंच नको म्हणून. माझं मत विचाराल तर काम चालू ठेवलं हे बरोबर केलं. युरोपातली जुनी चर्चही पिढ्यान्‌पिढ्या, अनेक हातांनी झाली आहेत.

दगडाबद्दल एवढं बोलताना पाण्याचं राहूनच गेलं. ग्वेलनेच गौदीला १९०० साली टेकडीवर बंगल्यांची वसाहत करायला सांगितली होती. साठ भूखंड पाडायचे होते, घरं झाली दोनच. धंदा म्हणून सपशेल बुडालं आणि शहराला पार्क ग्वेल मिळालं. तिथे एक मोठं पटांगण आहे, ८६ खांबांवर उभं. बार्सेलोनाचा उन्हाळा कोरडा असतो आणि टेकडीवर पाणी नव्हतं. म्हणून पटांगणात पडलेला पाऊस मातीच्या, दगडगोट्यांच्या थरांतून गाळत खाली यायचा, तिथून खांबांच्या पोटातल्या नळांतून उतरायचा आणि जमिनीखालच्या टाकीत साठायचा. टाकी १२०० घनमीटरची, म्हणजे बारा लाख लिटरची. टाकी भरली की जास्तीचं पाणी जिन्यावरच्या त्या रंगीत सरड्याच्या तोंडातून बाहेर पडे. लाखो लोक त्या सरड्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. तो मुळात टाकीचा सांडवा आहे.

त्या सरड्याच्या अंगावर आणि पटांगणाच्या नागमोडी बाकावर फुटक्या टाइल्सचे तुकडे जडवलेले आहेत. वाकड्या पृष्ठभागावर चौकोनी टाइल बसत नाही, फोडली की बसते. बाकाच्या कामात त्याचा सहकारी जुझेप मारिया जुजोल याचा हात मोठा. आपल्या गच्चीवर उन्हापासून आणि गळतीपासून बचाव म्हणून पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक करतात, ती कारागिरी याच जातीची. १९२७ साली पुण्यात जन्मलेल्या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादच्या आपल्या 'संगत' स्टुडिओच्या अर्धगोल छपरांवर असंच चायना मोझॅक चढवलं आणि छपरांवरून ओघळणारं पाणी आवारातल्या पाटांत खेळवलं. त्यांनी ते गौदीकडून घेतलं असं मी म्हणत नाही. ऊन, पाऊस आणि गोल छप्पर एकत्र आलं की शहाणी माणसं कुठे पोचतात, एवढंच त्यातून दिसतं.

दोऱ्यांची पद्धत मात्र गौदीबरोबर संपली नाही. जर्मनीच्या फ्राय ऑटोने साबणाचे पातळ पडदे आणि टांगलेली जाळी वापरून छपरं शोधली. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचं तंबूसारखं स्टेडियम त्याच पठडीतलं. स्वित्झर्लंडच्या हाइन्झ इस्लरने तर हिवाळ्यात ओली कापडं बाहेर टांगून गोठू दिली आणि उलटी केली. आमच्या प्लास्टरच्या पट्टीची ती थोरली बहीण. स्टुटगार्टला फ्राय ऑटोच्याच संस्थेत १९८०च्या दशकात जुन्या फोटोंवरून कोलोनिया ग्वेलचं हरवलेलं मॉडेल पुन्हा विणलं गेलं. आज हेच काम संगणक करतो. पिशवीचं वजन बदला, क्षणात सगळं जाळं नव्या जागी बसतं.

भाच्याला मी मोबाइलवर तसं एक दाखवलं. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि पुन्हा प्लास्टरची पट्टी मागितली. या वेळी त्याला कमानीवर कमान करायची होती. वरच्या झोळाला खालून दुसरा झोळ बांधला, तशी पहिल्या पट्टीची गोलाई मोडली आणि बांधलेल्या जागी टोक आलं. तो म्हणाला, "अरे, हिचा आकार बिघडला." मी म्हटलं, बिघडला नाही, भार आला म्हणून तिने बदलला. उद्या वाळल्यावर उलटी करू, मग बघ तिथे मनोरा होतो का.

बार्सेलोनाला कधी गेलात तर ला पेद्रेराच्या त्या पोटमाळ्यात जरूर जा. तिथे साखळ्यांचं एक मॉडेल टांगलेलं आहे. त्याच्याकडे वर बघू नका. खाली आरसा ठेवलाय, त्यात बघा.